आतोबांची परवानगी

मोबाइलमधल्या अटी आणि शर्ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, तर तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो, गाव त्यांना आप्पा म्हणतं. तामलवाडीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत त्यांचं गाव. संध्याकाळी पारावर बसून ते या अटी मोठ्यानं वाचायचे आणि म्हातारी मंडळी कथेला बसल्यासारखी माना डोलवायची. इंग्रजीत अडलं की मला फोन. मी धाराशिवच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे जगातल्या सगळ्या कंपन्यांच्या वतीनं उत्तर देणं हे माझंच काम आहे, असं त्यांना वाटायचं. एकदा हवामान सांगणारं काहीतरी त्यांनी मोबाइलमध्ये घेतलं, तर त्यानं सगळे नंबर बघायची परवानगी मागितली. मी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. तिकडून आवाज आला, "पोरी, पाऊस कधी येणार ते सांगायला ह्याला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला पाहिजे गं?" "परवानगी देऊ नका," म्हणून मी कोर्टात शिरले.

हे खूळ त्यांना मोबाइलमुळे लागलं असं लोक म्हणत, पण ते फार जुनं होतं. आतोबा तरुणपणी नळदुर्गच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा ट्रंककॉल लागायचे, दोरीची पिन या भोकातून त्या भोकात घालून माणसाला माणूस जोडून द्यायचा आणि जोडणाऱ्याला मनात आणलं तर सगळं ऐकू यायचं. कोणाची सोयरीक मोडली, कोणाची बदली झाली, कोण कोणाला काय बोललं, सगळं. बाकीचे ऐकायचे आणि चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचे. आतोबा मात्र लाइन जुळली की हेडफोन काढून टेबलावर ठेवायचे. पुढे त्यांच्याच लग्नाची बोलणी सुरू झाली. येडशीहून माझ्या आजोबांनी त्यांच्या वडिलांना फोन लावला आणि तो नेमका यांच्याच हातून जोडला गेला. मुलगी द्यायची की नाही हे पलीकडे ठरत होतं आणि नवरदेव हेडफोन काढून खिडकीबाहेर किल्ल्याकडे बघत बसला होता. आत्या ही गोष्ट सांगताना हसून बेजार व्हायची. "ऐकलं असतं तर जीव टांगणीला लागला नसता की ओ!" आतोबा शांतपणे म्हणायचे, "ते बोलणं त्यांचं होतं. माझं फक्त लगीन होतं."

असा माणूस आजच्या काळात सुखानं जगणं अवघडच. सोलापूरच्या कापड दुकानात पोरानं बिल करताना मोबाइल नंबर मागितला, तर हे म्हणाले, "आधी तुझा दे." माझ्या लग्नात फोटोवाल्यानं डोक्यावरून ड्रोन फिरवला, तेव्हा आतोबांनी भर मांडवात छत्री उघडली आणि पंगतीतही छत्रीखाली बसूनच ते जेवले. व्हिडिओत वरातीइतकीच ती काळी छत्री दिसते. खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं दिला, त्या दिवशी तर ते तुळजापूरला जाऊन पेढे घेऊन आले आणि घरोघर वाटत सुटले. शेजारणीनं विचारलं, "आप्पा, नातू झाला व्हय?" तर म्हणाले, "हक्क झाला." बिचारीनं पेढा तोंडात टाकून बाळ-बाळंतीण बरी आहे ना, असंही विचारलं.

हसण्यावारी जाणाऱ्या या गोष्टीला एके वर्षी धार आली. गावात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या आणि ग्रामसभेत कॅमेरे बसवायचा विषय निघाला. आतोबा अर्थातच विरोधाला उभे राहिले. माणसावर सतत डोळा ठेवला की माणूस माणसासारखा वागत नाही, नाटकातल्यासारखा वागतो, असं बरंच बोलले. तेव्हा किराणा दुकानवाल्या वहिनी उठल्या. त्या पंचायतीच्या सदस्य होत्या. "आप्पा, माझं दुकान फुटलं तवा तुमचा हक्क कुठं गेला होता? मला एकटीला त्या दुकानात बसावं लागतं. मला कॅमेरा पाहिजे." आतोबा हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं हाय. लावा कॅमेरा. पण बघणार कोण, ते बी आजच ठरवा." ते कोणी ठरवलं नाही. कॅमेरे लागले.

पाराजवळचं, फाट्यावरचं सगळं चित्र सरपंचाच्या मोबाइलवर दिसू लागलं. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण जेवताना दुसरे लोक बातम्या बघतात तसा तो गाव बघायचा. एक दिवस फाट्यावर कॉलेजची एक मुलगी वर्गातल्या मुलाशी बोलत उभी होती. सरपंच तिच्या वडिलांना गमतीत म्हणाला, "पोरीचं लक्ष अभ्यासात हाय का बसस्टँडवर?" वडिलांनी गमतीत घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलीचं कॉलेज बंद झालं.

आतोबा तिच्या घरी गेले, ओट्यावर बसले आणि उठेचनात. वडील म्हणाले, "आप्पा, आमच्या घरातलं आमी बघू." "तुमच्या घरातलं तुमीच बघा," आतोबा म्हणाले, "पण हे घरातलं न्हाय. हे सरपंचाच्या ताटातलं हाय." वाद वाढला. पण मुलगी आतून रडत म्हणाली की ती फक्त परीक्षेची तारीख विचारत होती, आणि वडिलांची मान खाली गेली. ती पुन्हा कॉलेजला जायला लागली. पुढच्या ग्रामसभेत आतोबांनी नियम करून घेतला: चित्र कोणाच्याही मोबाइलवर नाही. ते पंचायतीच्या खोलीत राहील आणि सरपंच, पोलीस पाटील व किराणावाल्या वहिनी तिघं समोर असल्याशिवाय कोणीही बघायचं नाही. वहिनींनी सगळ्यात आधी हात वर केला होता.

आत्या विसरायला लागली ती त्याच सुमारास. आधी मीठ, मग नावं, मग रस्ते. एका दुपारी आतोबांचा डोळा लागला आणि आत्या घरातून निघून गेली. शेत, देऊळ, विहिरी, सगळीकडे माणसं धावली. आतोबा पंचायतीत आले. सरपंच होता, पोलीस पाटील होते, वहिनी मात्र माल आणायला तुळजापूरला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. सरपंच म्हणाला, "चला आप्पा, बघू." आतोबा पायरीवर बसले. उठले. पुन्हा बसले. मला फोन केला, तर मी ओरडलेच, "आतोबा, नियम नंतर! आत्याला शोधा!" फोन बंद न करताच ते आत गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला, "दाखवा."

आत्या फाट्यावरून बसमध्ये चढताना दिसली. बस येडशीची होती, तिच्या माहेरची. धाराशिवहून येडशी जवळ, म्हणून मीच निघाले. आत्या येडशीच्या रेल्वे स्टेशनवर बाकावर बसलेली सापडली; आजोबा पूर्वी तिथंच नोकरीला होते. वडील कामावरून येईपर्यंत थांबते, म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. थोडं थांबलो, मग घरी आलो.

सगळं गाव आनंदात होतं, आतोबा सोडून. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी उभं राहून सांगितलं, "म्या केलेला नियम म्याच मोडला. मला शिक्षा द्या. आणि जिवाचा प्रश्न असला तर काय करायचं, ते बी नियमात घाला." सरपंच हात जोडायला लागला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "जिवाचा प्रश्न असला तर बघावं आन मागनं सभेत सांगावं, हा नियम. आन आप्पांना शिक्षा म्हंजे, ह्या महिन्यात पारावर अटी-शर्ती वाचायच्या न्हाईत." सभेनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात पारावरच्या म्हाताऱ्यांनी.

मला मात्र ते नंतर वेगळंच बोलले. "पोरी, त्या चित्रात ती एकटी उभी होती. लई घाबरलेली. सारखा पदर सावरत होती, ज्याला त्याला काहीतरी विचारत होती. माझ्यासमोर ती एकदा बी घाबरली न्हाय गं. तिनं ते माझ्यापासून लपवलं होतं, आन म्या तिला न विचारता बघितलं."

मग आतोबांच्या मुलानं पुण्याहून आत्यासाठी मनगटावरचं घड्याळ पाठवलं. ती कुठं आहे हे त्या घड्याळामुळे आतोबांच्या मोबाइलवर कळायचं. डॉक्टर म्हणाले घाला, मुलगा म्हणाला घाला, मीही म्हणाले. आतोबा म्हणाले, "तिला विचारून." आत्याला समजावलं, ती हो म्हणाली, घड्याळ घातलं. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नव्हतं. "हे काय बांधलंय मला?" आतोबांनी घड्याळ काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की ते तिच्यासमोर बसायचे. "हे घातलं की तू कुठं हायेस ते मला कळतं. घालू का?" बहुतेक दिवशी ती हात पुढे करायची. कधीकधी मात्र स्पष्ट नको म्हणायची. मुलगा चिडायचा, "बाबा, तिला काय कळतंय?" आतोबा म्हणायचे, "नको म्हणायचं कळतंय की." त्या दिवशी घड्याळ कोनाड्यात राहायचं आणि आतोबा चपला घालून तयार बसायचे. आत्या बाहेर पडली की हे मागं.

आत्या आता नाही. आतोबांचं पारावरचं वाचनही थांबलंय. आता अटी न वाचताच 'मान्य' दाबतात, असं गावातले सांगतात. माझा त्यावर विश्वास बसत नाही, पण विचारायचा धीरही होत नाही. मला आठवते ती माझ्यासमोरची एक सकाळ. आत्यानं घड्याळाला नको म्हटलं होतं आणि ती मळ्याच्या वाटेनं निघाली होती. मागे बरंच अंतर ठेवून आतोबा, हात पाठीमागे बांधून, जणू सहज फिरायला निघालेत असे. मी ओट्यावरून बघत होते. बाभळीपाशी आत्या थांबली, वळली आणि त्यांच्याकडे नीट बघून, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मागं मागं काय येताय? सोबत चला की."

आतोबा जागच्या जागी उभे राहिले. मग भराभर चालत तिच्याजवळ गेले.