परभणीकडे तोंड
परभणीपासून दूर, मलकपेठच्या फ्लॅटमध्ये देवराव सकाळपासून रेडिओ धरून बसले होते. अकरा वाजता परभणी केंद्रावर त्यांची धाकटी बहीण कोंडाबाई पहिल्यांदाच भीमगीत गाणार होती, आणि रेडिओत नुसती खरखर.

त्यांची लेक रेणुका इंजिनिअर. तिने लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून अँटेना केला आणि रेडिओमागे उभा ठेवला; खरखरीतून बारीक आवाज येऊ लागला. देवरावांनी फोनवर नकाशा पाहून चौकटीचं तोंड, म्हणजे सपाट बाजू, बरोबर परभणीकडे केलं. होता तो बारीक आवाजही बुडाला.

“बाबा, तोंड नक्को. तिकडे चौकटीची कड करा.”

“बहिणीचं ऐकायचं आणि तिच्याकडे तोंड करायचं नाही? असं कसं?”

“तार कडेच्या बाजूनेच स्टेशन पकडते.”

“तुझी तार उलटीच दिसते, बाई.”

रेणुकाने चौकट फिरवली. अकराला कोंडाबाईचा आवाज स्वच्छ आला. देवराव हरखले आणि त्यांनी चटकन चौकटीचं तोंड बहिणीकडे, परभणीच्या दिशेला वळवलं. आवाज गेला.

“अगं, कुठे गेली?”

“बाबा! हात लावू नका ना!”

रेणुकाने पुन्हा कड परभणीकडे केली. दुसरं कडवं सुरू झालं होतं. देवराव दोन्ही हात मांडीखाली दाबून ऐकू लागले. चौकटीची एक कड खिडकीकडे होती, दुसरी भिंतीकडे; कोंडाबाई खिडकीतून येतेय की भिंतीतून, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.