पुलावरचा चिनी आणि रंगनाथ मास्तर

पडदा वर जातो. साल एकोणीसशे त्र्याण्णव, गाव गंगाखेड. धान्याच्या मोंढ्याजवळची वरच्या मजल्यावरची खोली. दाराबाहेर चपलांची रांग, आत एकुलता एक कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे पाठ ताठ करून बसलेला रंगनाथ मास्तर.

रंगनाथ राणीसावरगावचा. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. हा औरंगाबादला राहून कॉम्प्युटर शिकला आणि दत्तरावांच्या क्लासात मास्तर झाला. नाटक कंपनी बंद पडल्यापासून मी शेजारच्या खोलीत राहत होतो. क्लासची दुसरी किल्ली माझ्याकडे असे, सकाळी दार मीच उघडी.

दुपारी क्लास रिकामा झाला की रंगनाथ फ्लॉपीवरचा एक खेळ लावी. जुन्या चीनमधला एक तरुण हरवलेल्या गुरूच्या शोधात निघालेला. गावोगावच्या लोकांशी बोलायचं, औषधी मुळ्या गोळा करायच्या, बळ वाढवायचं आणि डोंगरातल्या राक्षसाशी लढायचं. रंगनाथ इंग्रजीचा अर्थ सांगे, मी त्या तरुणाची वाक्यं आवाज लावून म्हणे. म्हातारपणी पुन्हा भूमिका मिळाली होती.

मग एके दिवशी मशीन मंदावलं आणि तो तरुण रांगायला लागला. मुलांची कामंही रखडू लागली. दत्तराव सोमवारी वर आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले.

"ह्या चिन्यानंच घाण केली. बासष्ट साली काय केलं त्यांनी, विसरलास?"

"साहेब, खेळाचा काय संबंध? मी मेमरी मोकळी करून बघितली, फ्लॉपीपण तपासली."

"शनिवारपर्यंत मशीन पळालं पायजे. न्हाईतर किल्ली ठेव आन् जा गावाकडं, कोयता वाट बघायलाय."

त्या दिवसापासून रंगनाथने वही केली. खेळातला लाकडी पूल ओलांडायला त्या तरुणाला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून लिहू लागला. सोमवारी वीस सेकंद. मंगळवारी दहा. बुधवारी, गुरुवारीही दहाच. जुने दिवसही त्याने आठवून मांडले. बिघाड शुक्रवारी सुरू होई आणि मंगळवारी आपोआप जाई.

"बिघाड असा वार बघून येत न्हाई अण्णा," तो म्हणाला. "कुणीतरी आत येतंय." त्याची नजर माझ्याकडच्या किल्लीवर गेली. "खरं सांगा, तुमी काय दाबलं का?"

मला ते लागलं. मी किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. पण मनात माझाही संशय दत्तरावांवर होताच. मास्तर काढायचा असेल तर निमित्त लागतंच.

शुक्रवारी सकाळी कुलूप काढून, दार नुसतं लोटून आम्ही दोघं खोलीतल्या लाकडी आडोशामागे बसलो. दार उघडलं. झाडणाऱ्या कस्तुराबाई आल्या. त्या रोजच यायच्या, म्हणून आमच्या हिशेबात त्या कधी आल्याच नव्हत्या. केर काढला, उदबत्ती लावली. मंगळवार-शुक्रवार मशीनची पूजा त्यांनी आपण होऊन धरली होती. कुंकवात बोट बुडवलं आणि समोरच्या चौकोनी बटणावर चांगला दाबून टिळा लावला. खट असा आवाज झाला.

रंगनाथने कपाळाला हात लावला. ते वेगाचं बटण होतं. एकदा दाबलं की आत, पुन्हा दाबलं की बाहेर; आत गेलं की मशीन पळे, बाहेर आलं की रांगे. वेग दाखवणारा शेजारचा बारका दिवा पहिल्यापासूनच बंद पडलेला. त्या बटणावरचं कुंकू आम्ही दोघंही रोज बघत होतो, पण पूजेवर संशय घेणार कोण?

शनिवारी दत्तरावांपुढे चिनी तरुणाने दहा सेकंदांत पूल ओलांडला.

"कुणी केलतं?" त्यांनी विचारलं.

"बटण बाहेर आलतं. माझंच ध्यान नव्हतं."

दत्तरावांनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. "पुन्हा झालं तर तू आन् हा चिनी, दोघं बी भाईर," म्हणाले आणि उतरले.

ते गेल्यावर रंगनाथने कस्तुराबाईंना हाक मारली आणि बटणावर टिळा लावू नका म्हणून सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"का ओ मास्तर? माजं कुंकू चालंना का तुमाला?"

"चालतंय की मावशी. रोज लावा. फकस्त वरच्या झाकणाला लावा, आन् बोट जरा हलकं ठिवा."