म्हातोबाची चिठ्ठी

आमची ताई ब्रेल छापखान्यातले संगणक सांभाळते आणि मी तिथेच पुस्तकं बांधतो. घरी ती धाकट्या भावाला रागावते, छापखान्यात बाइंडरला. दोन्ही मीच, त्यामुळे सुटका कुठेच नाही.

आयते प्रोग्रॅम तिला चालत नाहीत. मूळ कोड आणून ती प्रत्येक प्रोग्रॅम त्या त्या संगणकावरच तयार करते. त्याआधी एक छोटी कमांड देऊन प्रोसेसरला विचारते, "बाबा रे, तुला काय काय येतं?" तो देईल ती यादी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिते, म्हणजे प्रोग्रॅम त्या यादीप्रमाणेच बनतो, आणि चिठ्ठीवर उतरवून यंत्रावर चिकटवते. "ज्याला जे येत नाही, ते त्याला सांगायचं नाही," हे तिचं पालुपद.

गेल्या महिन्यात ती दोन दिवस रजेवर होती. नव्या संगणकाची यादी हातभर लांब. मला वाटलं, जुन्यालाही, म्हणजे आमच्या म्हातोबालाही, जरा जोर येऊ दे. नव्याची फाइल उचलून त्याच्यात घातली आणि ब्रेलचा प्रोग्रॅम पुन्हा तयार करायला लावला. कागदावर टिंब उठवणारं मशीन फक्त म्हातोबालाच जोडता येतं, याचा विचार केला कुणी!

शुक्रवारी सकाळी प्रोग्रॅम सुरू केला की लगेच बंद पडू लागला. शनिवारी अंधशाळेतल्या चाळीस मुलांची परीक्षा, आणि प्रश्नपत्रिकेचं एकही पान छापलेलं नाही. व्यवस्थापक म्हणाले, "यंत्र संपलं. भंगारात काढा." रजा संपवून ताई दारातून आत येतेय तोच मी सांगून टाकलं, "ताई, मी नव्याची फाइल म्हातोबात घातली."

तिने पर्स ठेवली, म्हातोबावरची चिठ्ठी वाचली आणि चक्क हसली. "त्याला जे येतच नाही ते करायला लावलंस. पडणार नाही तर काय?" मग व्यवस्थापकांकडे वळली. "यंत्र ठणठणीत आहे. दुपारी पानं मोजायला या."

म्हातोबाची यादी तिने नव्या संगणकाला दिली. जुन्याला येतं ते सगळं त्याला येतंच, आणि हातही चपळ. त्याने तासाभरात प्रोग्रॅम तयार केला. तिने तो म्हातोबावर नेऊन बसवला, त्याची फाइल पूर्ववत केली. अकराला पहिलं पान बाहेर आलं. संध्याकाळी शेवटचा गठ्ठा शिवून मी शाळेच्या गाडीत ठेवला.

सोमवारी माझ्या टेबलावर ताईच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. "टाके घालणं. डिंक लावणं. पानं मोजणं. चूक झाली की लगेच सांगणं."

संगणकाचा उल्लेख कुठेही नव्हता. ती चिठ्ठी मी अजून काढलेली नाही.