बनुबाईच्या पाटीतलं मीठ

बनुबाई भल्या पहाटे लालासाहेबाच्या उसात मीठ टाकते, अशी कुजबूज पलूसकडच्या त्या वस्तीवर उठली. उठली म्हणजे काय, गिरणीवरचं दळण व्हायच्या आत चार घरं फिरून आली. डोक्यावर पाटी, पाटीत पांढरं, वाट लालासाहेबाच्या बांधावरनं. आणखी काय पाहिजे? एकीनं तर पाटीत लिंबूही घातलं.

बनुबाईला त्या बोलण्याचं सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव चरात अडकलेला. पूर्वी ही सगळी रानं शाळवाची, पावसाच्या पाण्यावरची. पाइपातनं नदीचं पाणी आलं, ऊस आला, बंगले उठले आणि खोलगटातलं तिचं एकरभर रान वरचं पाणी मुरून मुरून चिबडून गेलं. चर खणून पाणी ओढ्याला काढलं नाही, तर तिथं गवतसुद्धा उगवणार नव्हतं. मधी होतं लालासाहेबाचं रान.

त्या सकाळी जेसीबी बांधावर घुरघुरत उभा होता आणि त्याच्या पुढ्यात लालासाहेब, हातात कोयता. जेसीबीवरचा सूरज एकदा कोयत्याकडं बघायचा, एकदा बनुबाईकडं.

"आदी मिठाचं बोला, वैनी. मग चराचं."

"भावजी, तुमच्या उसाला पुरंल येवढं मीठ मी आनू कुठनं? माझ्या कालवनाला पुरंना."

"हसण्यावारी नेऊ नगा. सूरज, बकेट हालली तर बघ."

बनुबाईनं चपला काढल्या आणि कोयत्याच्या अगदी जवळनं ती त्याच्या सरीत उतरली. पाय घोट्यापर्यंत रुतला. गुडघ्याएवढा राहिलेला पिवळा ऊस होता. तिनं एक बेट दोन्ही हातांनी हिसकलं, ते अलगद निघून आलं. मुळ्या काळ्या, कुजक्या वासाच्या. खड्ड्यात खालनं पाणी भरायला लागलं. तिनं ओंजळ पुढं केली.

"चाखा."

"तुमीच टाकलं असंल."

"खालनं? मी काय घूस हाय व्हय, भावजी?"

सूरजनं हसू लपवायला तोंड फिरवलं. लालासाहेबानं कोयत्याची मूठ घट्ट धरली. बनुबाईची ओंजळ गळत होती, पण ती मागं सरली नाही. शेवटी त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला. दिवसभर उसात धो धो पाणी सोडणाऱ्या आपल्या मोटारीकडं त्यानं एकदा बघितलं. मग कोयता खांद्यावर टाकून तो ती बंद करायला निघाला. जाता जाता सूरजला म्हणाला, "सरळ घे रं. वाकडा काढलास तर बघ."

बनुबाईच्या पाटीत मीठ होतं, हे खरं. ते तिच्याच रानात, साचल्या पाण्याबरोबर जमिनीतनं वर आलेलं होतं. रोज पहाटे खरवडून ती ते ओढ्यावर टाकायला नेत होती.