अंबाडीची मूठ

पांढरकवड्याला नोकरीत होतो तेव्हा माझ्या वाटेवर एका माणसाचं अंगण लागायचं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडीमागे पळणाऱ्या हलक्या छकडीवर हाकणाऱ्याला जी बैठक लागते, ती तो घरीच करायचा. बांबू तासून बैठक बांधली की ती एका बोटावर तोलून बघायचा आणि जड वाटली तर काचेच्या तुकड्यानं पुन्हा खरवडायला बसायचा. एवढं करून शेवटी मात्र हाकणाऱ्याला धरायला अंबाडीच्या दोरीची जाड मूठ बांधायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी ऐकायचा नाही.

मी एकदा विचारलं, "इतकं वजन कमी करता, मग ही मूठ कशाला?"

"माह्या भावाच्या छकडीची मूठ म्याच कापली होती," तो मान वर न करता म्हणाला. "जोडी पयली आली. भाऊ वाटंतच पडून मेला."

त्या हिवाळ्यात मी पट पाहायला गेलो. जोड्या सुटायच्या जागी हाकणारे विळ्यानं त्यानं बांधलेल्या मुठी कापून फेकत होते. तो कुणाला अडवत नव्हता. धुळीतली एकेक मूठ उचलून, झटकून दुपट्ट्यात बांधत होता.

मी दिसलो तसा म्हणाला, "पुढच्या बैठकीले लागते."