पाठराखणीचं नाणं

नोकरीतल्या खून-दरोड्यांचे तपशील आता पुसट झाले, पण ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून निघालेलं एक काळं पडलेलं नाणं अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकाची अखेर होती. पूर्व नागपुरातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि आमचे हवालदार एका शिपायाला मळक्या पट्ट्यावरून झापत होते, तेवढ्यात लकडगंजकडचे एक कारखानदार तरातरा आत आले. रुमालात बांधलेलं नाणं त्यांनी माझ्या टेबलावर आपटलं.

"साहेब, घातपात झाला आहे. माझाच माणूस फितूर झाला."

गृहस्थ शिकलेले, इंजिनिअर. वडिलांनी टिनाच्या शेडमध्ये सुरू केलेला ट्रान्सफॉर्मरचा कारखाना त्यांनी नावारूपाला आणला होता. मागच्या हिवाळ्यात दिल्लीच्या व्यापार प्रदर्शनात त्यांनी गाळा घेतला. तिथे आफ्रिकेतल्या एका नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाचे वीज अधिकारी त्यांना भेटले. बैठकांवर बैठका झाल्या आणि ठरलं, की आधी नमुन्याचा एक ट्रान्सफॉर्मर बनवायचा. त्यांचा इंजिनिअर नागपूरला येऊन समक्ष चाचणी घेईल, आणि नमुना चाचणीत उतरला तर मोठी ऑर्डर मिळेल. त्याप्रमाणे पाहुणा आला, हारतुरे झाले, वीज सोडली आणि टाकीत धडाका झाला. झाकण उघडलं तर वरच्या बाजूला, तारांच्या गुंडाळ्यांजवळ हे चांदीचं नाणं अडकलेलं. पाहुणा फारसं न बोलता मुंबईला निघून गेला.

मालकांचा संशय त्यांच्या मिस्त्रीवर होता. हा माणूस वडिलांच्या वेळेपासूनचा. दिल्लीला गाळ्यावर तोही होता, आणि शेजारच्या गाळ्यातल्या कंपनीनं त्याला दुप्पट पगाराचं आमिष दाखवल्याचं मालकांच्या कानावर आलं होतं. भरीस भर म्हणून, मी चौकशी केली तेव्हा कारखान्यासमोरच्या चहावाल्यानं खबर दिली. चाचणीच्या आधीच्या सुट्टीला मिस्त्रीनं कारखान्याचं कुलूप उघडलं होतं. मी गुन्हा नोंदवून मिस्त्रीला आणवलं.

पन्नाशीचा माणूस, स्वच्छ धुतलेला पायजमा-सदरा. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सुट्टीच्या दिवशी टाकीचं झाकण तुम्ही उघडलं?"

"हो साहेब, मीच उघडलं."

"कशासाठी?"

"ते नाही सांगत."

"नाणं तुम्ही ठेवलं?"

"माझंच नाव लिहून घ्या न साहेब. काहून विचारून राहिले घडी घडी?"

गुन्हेगार आधी सगळं नाकारतो आणि मग हळूहळू एकेक गोष्ट कबूल करतो. हा माणूस नेमका उलटा चालला होता. हवालदारांनी बाह्या सारल्या, पण मी त्यांना नजरेनंच थांबवलं. ज्याला कबूलच करायचं आहे, त्याला मारून काय निघणार? मिस्त्रीला कोठडीत ठेवलं. घरून आलेला डबा त्यानं तसाच परत पाठवला.

टाकीतलं तेल काढायला दुसरा दिवस उजाडला. पंचांसमोर तेल फडक्यातून गाळलं, तर फडक्यावर जळक्या कापडाचा तुकडा, एक सुपारी आणि तांदळाचे थोडे दाणे राहिले. मी वाकून बघत राहिलो. ज्याला मशीन बिघडवायची आहे तो खिळा टाकेल, नट टाकेल. तो अक्षता कशाला टाकेल? आमच्या घराच्या पायाभरणीला आईनं पुरचुंडी ठेवली होती, तिच्यात हेच सगळं होतं.

तसाच रस्ता ओलांडून चहावाल्याकडे गेलो.

"त्या दिवशी मिस्त्री एकटाच होता का?"

"नाही जी. मालकाची माय होती न संगं. रिक्षात आली होती."

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"तुम्ही चोराचं विचारलं साहेब. मायचं काय सांगाव?"

त्याचंही खरंच होतं. घरचं माणूस कुणाच्या नजरेत भरत नाही.

मालकांच्या घरी मी साध्या कपड्यांत गेलो. म्हातारी ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. मुलाचा कुणी स्नेही समजून तिनं मला पाणी दिलं.

"मशीन पास झाली न? पोरगा म्हणे, पाहुणे खूश होऊन गेले."

म्हणजे मुलानं तिला खरं काहीच सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली, तसा तिनं आवाज खाली आणला.

"कोणाले सांगू नका. लेक सासरी धाडतो त संगं पाठराखीण देतो का नाही? ही मशीन त समुद्रापल्याड चालली. मिस्त्रीले म्हटलं, झाकण उघड गा, आमच्या यजमानाच्या हातचं नाणं आत ठेवू दे. तो नाहीच म्हणे. मग मीच आण घातली. पोराले सांगू नको म्हटलं, तो हसंल मले." मग चिंचेचे हात पुसत तिनं विचारलं, "मिस्त्री दिसून नाही राहिला. बिमार आहे का?"

"बरे आहेत, आई," मी म्हणालो. त्या ओसरीवरून उठताना मला फार वाईट वाटलं.

मालकांना ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. ते डोकं धरून बसले. मग माझ्याच फोनवरून त्यांनी मुंबई लावली. पण पाहुण्यानं शेजारच्या गाळ्यातल्या त्या दुसऱ्या कंपनीशी बोलणी पक्की केली होती. आईनं मशीनमध्ये अक्षता ठेवल्या होत्या, हे परक्या माणसाला फोनवर समजावणार तरी कसं?

मिस्त्रीला कोठडीबाहेर आणलं. मालकांनी त्याचा हात धरला. "मिस्त्री, झालं ते विसरा. चला कारखान्यात."

मिस्त्रीनं हात सोडवून घेतला नाही, पण पाऊलही उचललं नाही.

"म्या कोपऱ्यात बांधून ठेवलं होतं, मालक. सरकलं असंल. ती चूक माझी. पण तुम्ही मले बाजूले घेऊन एकदा विचारलं असतं, त सांगतलं असतं. आण मोडली असती म्या. ठाण्यात चारचौघांत मायचं नाव कसं घेऊ?"

मालकांनी त्याचा हात हळूच सोडला. मिस्त्री जाताना मला एवढंच म्हणाला, "साहेब, मायले मालूम नको होऊ देजा." गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण निकाली निघालं. मिस्त्री मात्र कारखान्यात परत गेला नाही.

काही वर्षांनी घरच्या पंपाची मोटर जळाली, म्हणून मी नंदनवन वस्तीत गेलो. मोटर वाइंडिंगचं छोटंसं दुकान त्याच मिस्त्रीचं निघालं. तो केसासारखी बारीक तार हातानं गुंडाळत होता. दिवाळीचे दिवस होते. तेवढ्यात दारात सायकलरिक्षा थांबली आणि म्हातारी फराळाचा डबा घेऊन उतरली. आता ती फार थकली होती.

"दरसाल विचारतो, सांगत नाही. पोराले सोडून काहून गेला गा तू?"

"डोळ्यानं दिसत नाही माय आता. कारखान्यातलं बारीक काम होत नाही." हातातली तार चालूच होती.

"अन् माझ्या मशीनचा दिवा? लागला न तिकडं?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "लागला, माय. गावभर उजेड पडला म्हणते."

म्हातारी समाधानानं रिक्षात बसली. तो डबा उघडून त्यानं माझ्यापुढे केला. मी चिवड्याची मूठ घेतली.

त्या प्रकरणात मी खरं शोधून काढलं होतं, आणि त्यामुळे एक निरपराध माणूस कोठडीतून सुटलाही. पण त्याचा मालकावरचा विश्वास मला परत आणता आला नाही. पुढे कुणी आपल्याच माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन आला, की मी त्याला आधी बसवत असे, पाणी देत असे आणि विचारत असे, "त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलंत का?" पुष्कळ जण पाणी पिऊन, काही न लिहिता परत जात. ते दारातून बाहेर पडेपर्यंत मला मिस्त्रीच्या बोटांतली ती तार दिसत राही.