आत्या कुजबुजायला लागली तेव्हा

आमच्या आत्याचा आवाज असा खणखणीत, की ती घरात बोलायला लागली की शेजारचे टीव्ही बारीक करतात, पुढचं चुकायला नको म्हणून. समुद्रकाठच्या अभयारण्याच्या फाटकावर ती तिकिटं देते. तिच्या मते तिकीट हे नुसतं निमित्त. खरं काम आत जाणाऱ्यांना दम देण्याचं. कुणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती अशी हजेरी घेते, की माणूस निमूटपणे पिशवी खिशात घालतो.

यंदा टिटवीने नेमकी तिच्या खिडकीसमोरच्या खडीत चार अंडी घातली. खडीच्याच रंगाची, कुणाचा पाय पडला की संपलं. आत्याने भोवती दोरी बांधली आणि पहारा सुरू केला. कुणी दोरीजवळ आलं की ती ओरडायची, "अहो, डोळे आहेत ना?" तो माणूस दचकायचा आणि टिटवीही किंचाळत उडायची. मग बराच वेळ परतायची नाही. अंडी उन्हात तापत राहायची.

शेवटी तिथल्या माळीबुवांनी धीर केला. "राग मानू नका बाई," ते म्हणाले, "लोकांची तिला सवय झालीय. ती तुम्हाला घाबरते."

आत्याला हे भलतंच झोंबलं. दिवसभर तिने त्यांच्याशी अबोला धरला. पण दुसऱ्या दिवसापासून ती तोंडावर बोट ठेवून, खुणांनी तिकिटं द्यायला लागली. सवय मोडू नये म्हणून घरीही कुजबुजायची.

आमचे काका, म्हणजे तिचे यजमान, आधी खुशीत होते. लग्नानंतर प्रथमच पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला म्हणाले. आठवडाभरात मात्र त्यांना घर खायला उठलं. मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला, तर आत्याने मुकाट्याने उचलून वाळत घातला. काका धसकाच घेऊन बसले.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. आत्या आली, पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "चारही पिल्लं आईमागून गवतात गेली. दोरी सोडून आले." तिचे डोळे भरून आले होते. मलाही फार बरं वाटलं.

मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं.

"हा ओला टॉवेल इथे कुणी टाकला?"

कपाटातली भांडीसुद्धा वाजली. काका हसत उठले, टॉवेल घेऊन गॅलरीत गेले आणि वाळत घालता घालता शेजाऱ्यांना म्हणाले, "पिल्लं निघाली बरं का."

"ऐकलं," शेजारी म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बारीक केला.